तेवीस गेज

बोर्डावर 'फेगडे अँड सन्स, मोटार रिवाइंडिंग, सावदा'.
सन्स कोणी नाही. मी आहे, हेमलता.

युनूस पिंजारी टेंपो उलटा लावतो दारात.
केळीच्या सोपटांतून निघते एक लांबट पेटी,
चार पाय वेगळे, सुतळीनं बांधलेले.
"भुसावळच्या रेल्वे इन्स्टिट्यूटचं भंगार, ताई.
सारंगखेड्याच्या यात्रेत लावतो, पाच गोळ्या दहा रुपये.
जमीन का?"
मी पाणबुडी मोटारींची बाई.
म्हटलं, पाह्यते.

उभ्या काचेवर पत्त्यांची राणी, गालाचा रंग सुटलेला.
नाण्याची फट कानशीनं रुंद केलेली;
लोको शेडमधल्या कोणीतरी
परदेशी पेटीला चार आणे गिळायला शिकवले होते.

फळी उचलली, टेकण लावलं,
तर खाली गावच वसलेलं.
रिले ओळीनं, जसे सिग्नलच्या केबिनमध्ये असतात.
एक मोटार, तिच्या दांड्यावर खाचांच्या चकत्या.
आकड्यांची चाकं,
नवाच्या पुढे गेलं की शेजारच्याला हातचा देणारी.
चिप नाही कुठे. पेटी बेरीज करते ती
तांब्यानं आणि लोखंडानं, मोठ्यानं म्हणत,
पाढे म्हणावेत तशी.

आणि वायरी. कापडी, दुरंगी,
मेणाच्या दोऱ्यानं आवळलेल्या, दर दोन बोटांवर गाठ.
प्रत्येक वळण काटकोनात.
म्हणजे फळीवर खिळे ठोकले असणार,
खिळ्याखिळ्यावरून कोणी वायर नेली असणार,
दिवसाला किती फळ्या, कोण जाणे.
कागदावर फक्त शिकागो, आणि साल, तेही पुसट.
गाठ मात्र सगळीकडे डावरी.
मीही डावरी. बापानं त्यासाठी छडी मारली होती,
मग त्याच हातात पहिलं बॉबिन दिलं.

जळालेली कॉइल उजव्या फ्लिपरची.
सोलली. आत दोन वायंडिंग निघाली:
जाड तारेचं मारायला,
बारीक तारेचं धरून ठेवायला.
फटका बसला की एक पत्ती उघडते,
जाड वायंडिंग सुटतं, बारीक एकटं तोलून धरतं.
इथं पत्ती चिकटलेली.
मारणारं मारतच राहिलं, आणि जळालं.
(आमच्या घरी कोण कोणतं वायंडिंग होतं
ते मी इथं सांगत नाही.)

पट्टीवर लिहिलं होतं: तेवीस गेज, साडेसातशे फेरे.
गुंडाळले. लावली. फटका बसेना,
गोळी अर्ध्या चढावरून माघारी.
दुसऱ्या दिवशी मायक्रोमीटर लावला तेव्हा कळलं,
त्यांचं तेवीस आपल्या तेवीसपेक्षा बारीक घसरतं.
सात समुद्रांत एवढाच फरक, केसाचा.
पुन्हा सोलली.

हाताच्या मशीनवर मोजता मोजता
भिंतीवर खडूनं रेघा मारते मी,
चार उभ्या, पाचवी आडवी.
वॉर्निश वाळेपर्यंत पेटीचं तळ पुसलं,
तर लाकडावर पेन्सिलीनं
चार उभ्या, पाचवी आडवी,
आणि तीन सुट्या.
काय मोजत होती? कॉइल? पेट्या?
सुट्टीला उरलेले दिवस?

रात्री थ्री फेज आली.
ट्रान्सफॉर्मर लावला, एकशेदहावर आणून.
मोटार न्यायला आलेला वासुदेव ढाके
पहिली गोळी खेळला, घंट्या वाजल्या,
समोरचं कुत्रं उठून गेलं.
दुसऱ्या गोळीला त्यानं पेटीला मांडी मारली.
दिवे गेले. राणीच्या पायाशी लाल अक्षरं.
"काय झालं व?"
आत ओळंबा आहे, म्हटलं, गवंड्याचा असतो तसा.
धक्का दिला की त्याला कळतं.
"मंग डाव गेला?"
ही गोळी गेली. तीन आहेत अजून.

युनूसनं पैसे घासाघीस करून दिले.
नवीन कॉइलवर पिवळा कागद गुंडाळताना
आतल्या बाजूनं बॉलपेननं लिहिलं होतं:
बावीस गेज. फेरे तेच.
खाली नाव लिहायचं राहून गेलं.
टेंपो बऱ्हाणपूर रस्त्याला लागला,
तेव्हा आठवलं.